वाचणाऱ्याचे स्वातंत्र्य

पौषातली थंडी अंगवळणी पडू लागते, नव्या वर्षाचे कॅलेंडर भिंतीवरच्या जुन्या खिळ्याला लागते, बाजारात पांढऱ्या तिळाचे आणि चिक्कीच्या गुळाचे ढीग दिसू लागतात, आणि या सगळ्या लगबगीत सहा जानेवारी येते. महाराष्ट्र हा दिवस पत्रकार दिन म्हणून पाळतो. तालुक्याच्या गावी विश्रामगृहात किंवा पंचायत समितीच्या सभागृहात बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेला हार घातला जातो, समई उजळते, वार्ताहर मंडळींना शाल आणि श्रीफळ मिळते, तहसीलदार आणि पोलीस निरीक्षक दोन शब्द बोलतात, आणि लोकशाहीच्या चौथ्या स्तंभाची महती सांगून झाली की चहापानाने समारंभाची सांगता होते. या रीतीत वावगे काहीच नाही. वर्षभर इतरांच्या सत्काराच्या बातम्या देणाऱ्याला एक दिवस आपण मानाने बोलावतो, हे चांगलेच आहे. मात्र या समारंभाला वाचकाला कुणी बोलावत नाही, आणि आपल्याला बोलावणे नाही याचे वाचकालाही काही वाटत नाही. वृत्तपत्रांचे स्वातंत्र्य ही पत्रकारांची, संपादकांची, फार तर मालकांची बाब आहे, असे आपण केव्हातरी मनाशी ठरवून टाकले आहे. आजच्या दिवशी या समजुतीकडेच थोडे थांबून पाहावे असे वाटते.

6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत ‘दर्पण’चा पहिला अंक निघाला तेव्हा वृत्तपत्राचा मराठी वाचक असा जवळजवळ नव्हताच. देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचा, विशीच्या आसपासचा एक तरुण एकाच पानावर शेजारी शेजारी दोन स्तंभ मांडतो, एक इंग्रजी आणि एक मराठी, आणि राज्यकर्त्यांना व रयतेला एकमेकांचे म्हणणे वाचायला लावतो, हे धाडस केवढे होते याची कल्पना आज सहज येत नाही. ‘दर्पण’ आधी पाक्षिक होते, काही महिन्यांतच साप्ताहिक झाले आणि 1840 साली बंद पडले. त्या साडेआठ वर्षांत त्याचे वर्गणीदार काही शेकड्यांच्या पलीकडे गेले नाहीत. बाळशास्त्रींचे स्मरण आपण दरवर्षी करतो. त्या शेकडो वर्गणीदारांचे कुणी करत नाही. सणवार, लग्नकार्ये, देणीघेणी यांतून त्यांनी अशा एका वस्तूसाठी पैसे बाजूला काढले की जिच्यात आपल्या घराण्याचे, आपल्या जातीचे, आपल्या गावाचे काही छापून येईल याची मुळीच शाश्वती नव्हती. दूरच्या माणसांची खबर स्वतःच्या खिशातून पैसे देऊन घ्यायची, ही त्या काळी नवी गोष्ट होती, आणि ती करणारे लोक होते म्हणूनच संपादकाला संपादक होता आले.

पुढे ‘दर्पण’मधले बाळशास्त्रींचे सहकारी भाऊ महाजन यांनी 1841 साली ‘प्रभाकर’ काढला आणि 1848पासून त्यात लोकहितवादींची पत्रे येऊ लागली. ज्या वर्गाच्या हाती ‘प्रभाकर’ पडत होता त्याच वर्गाच्या आळसावर, कर्मठपणावर आणि पोकळ अभिमानावर या पत्रांनी कोरडे ओढले, आणि ती एक-दोन नव्हे, शंभरावर निघाली. आपल्यालाच बोल लावणारा मजकूर आपल्याच वर्गणीवर छापला जातो आणि तो आपण वाचतो, ही शिस्त मराठी वाचकाने त्या दशकात अंगी बाणवून घेतली. पत्रस्वातंत्र्याचा विचार करताना आपण कायदे, खटले आणि तुरुंग आठवतो. हा तितकाच मोलाचा भाग, म्हणजे नावडते ऐकून घेण्याची वाचकाची तयारी, आपल्या ध्यानातून निसटतो.

या तयारीची खरी कसोटी लागली ती 1882 साली, कोल्हापूर प्रकरणात. ‘केसरी’ आणि ‘मराठा’ निघून जेमतेम वर्ष झाले होते. कोल्हापूरच्या तरुण महाराजांचा, चौथ्या शिवाजींचा, कारभारी माधवराव बर्वे यांच्याकडून छळ होत असल्याची हाकाटी तेव्हा सर्वत्र होती. तिला दुजोरा देणारी काही पत्रे या दोन्ही वृत्तपत्रांच्या हाती आली आणि त्यांनी बर्व्यांवर सडकून टीका केली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद लावली, आणि ज्या पत्रांचा आधार होता ती बनावट निघाली. संपादकांनी माफी मागितली, तरी शिक्षा चुकली नाही. टिळक आणि आगरकर चार महिन्यांच्या कैदेसाठी डोंगरीच्या तुरुंगात गेले आणि 101 दिवसांनी सुटले. सुटकेच्या दिवशी त्यांच्या स्वागताला लोकांची गर्दी लोटली होती.

या गर्दीचा अर्थ आज आपण नीट लावला पाहिजे. वृत्तपत्राने छापलेला मजकूर चुकीचा ठरला होता, न्यायालयाने तसे म्हटले होते, खुद्द संपादकांनी ते कबूल केले होते. तरीही, एका बलाढ्य कारभाऱ्याविरुद्ध बोलण्याची हिंमत करणारे हे तरुण फसवले गेले आहेत, लबाड नाहीत, हे लोकांनी ओळखले. चूक आणि बदमाशी यांतला फरक कळणारा वाचक असला तरच वृत्तपत्राला प्रामाणिकपणे चुकण्याची आणि प्रामाणिकपणे चूक मान्य करण्याची मुभा राहते. तो फरक वाचकाने सोडून दिला, की संपादकापुढे दोनच वाटा उरतात: काहीच जोखमीचे छापू नये, किंवा छापलेले चुकले तरी कधी कबूल करू नये. आजच्या किती वर्तमानपत्रांनी आणि वाहिन्यांनी या दोन वाटा धरल्या आहेत, हे आपण रोज पाहतो. मग त्यात आपला वाटा किती, हेही स्वतःला विचारावे लागते.

त्याच प्रकरणातली आणखी एक गोष्ट अधिक उजेडात यायला हवी. जामिनाची वेळ आली तेव्हा जोतीराव फुल्यांच्या शब्दावरून सत्यशोधक समाजाचे रामशेट उरवणे पुढे झाले. फुले आणि टिळक यांच्यात सामाजिक प्रश्नांवर किती अंतर होते हे मराठी वाचकाला सांगायला नको. ते पुढच्या काळात वाढतच गेले. ज्या पत्राचे विचार आपल्याला पटत नाहीत त्या पत्राच्या माणसांसाठी जामीन राहायचे, आणि उद्या पुन्हा त्यांच्याशी वाद घालायला मोकळे राहायचे, हे पुण्याने 1882 साली करून दाखवले. पत्रस्वातंत्र्याविषयीची समाजाची वृत्ती कशी असावी, याचे याहून नेमके उदाहरण शोधायला आपल्याला दूर जावे लागत नाही.

1908 साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली तेव्हा मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले, वर्षाला एक दिवस या हिशेबाने. त्यांच्यातल्या बहुतेकांना अक्षरओळख नव्हती. चाळीच्या ओट्यावर एकाने वाचायचे आणि दहांनी ऐकायचे, अशा रीतीने ‘केसरी’ त्यांच्यापर्यंत पोचत होता. ऐकणारेही स्वतःला वाचकच समजत होते, आणि गोळीबार होऊनही मागे हटले नाहीत.

परंतु आपल्या परंपरेचा अभिमान बाळगताना तिची दुसरी बाजू झाकणे बरे नव्हे. 1877 साली कृष्णराव भालेकरांना ‘दीनबंधु’ काढावा लागला, कारण शेतकऱ्याचे आणि कष्टकऱ्याचे गाऱ्हाणे प्रस्थापित पत्रांच्या पानांवर येत नव्हते. मुकुंदराव पाटलांनी 1910 साली ‘दीनमित्र’ सुरू केला आणि नगर जिल्ह्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून तो अखेरपर्यंत चालवला. 31 जानेवारी 1920 रोजी ‘मूकनायक’ निघाला तेव्हा त्याची जाहिरात पैसे देऊनही छापायला ‘केसरी’ तयार झाला नाही, ही नोंद खुद्द डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी करून ठेवली आहे. ‘मूकनायक’ला राजर्षी शाहू महाराजांनी अडीच हजार रुपयांची मदत केली होती, पुढे ‘बहिष्कृत भारत’च्या वेळी बाबासाहेबांनी एकट्याने पत्राचे चोवीस-चोवीस रकाने लिहून काढले, आणि पत्राचे ऋण हे लोकांनी आपले मानावे, असे वाचकांना अग्रलेखातून सांगण्याची वेळ त्यांच्यावर आली. तेव्हा, वृत्तपत्रांवर आज जो अविश्वास आपण पाहतो तो काही कालपरवाचा नाही. ज्यांचे दुःख पानावर येत नव्हते त्यांनी तो पिढ्यान्‌पिढ्या बाळगला आणि तो रास्त होता. त्यांनी त्या अविश्वासाचे काय केले, हे मात्र पाहण्यासारखे आहे. त्यांनी स्वतःची पत्रे काढली, वर्गण्या गोळा केल्या, खिळे जोडले, छापखाने उभे केले. त्यांच्या अविश्वासातून नवे वाचक जन्माला आले.

याच बाबासाहेबांनी डिसेंबर 1948मध्ये संविधान सभेत एक साधी गोष्ट स्पष्ट केली. वृत्तपत्रांच्या स्वातंत्र्यासाठी वेगळे कलम हवे असा काही सदस्यांचा आग्रह होता. त्यावर त्यांचे म्हणणे असे, की वृत्तपत्राला नागरिकापेक्षा निराळे असे कोणतेही हक्क नाहीत; संपादक लिहितो तेव्हा तो आपला नागरिक म्हणूनच असलेला हक्क वापरत असतो. म्हणून आपल्या संविधानात ‘वृत्तपत्र’ हा शब्द त्या संदर्भात आलाच नाही. कलम 19 मध्ये आहे ते प्रत्येक नागरिकाचे भाषण आणि अभिव्यक्तीचे स्वातंत्र्य. संपादकाला जे आहे ते आपल्याला आहे, आणि आपले गेले तर त्याचेही उरणार नाही.

हा विचार कागदावरच राहिला नाही, तो वाचकांनी न्यायालयापर्यंत नेला, आणि तेही पुण्याच्याच एका पत्राच्या वाचकांनी. 1956च्या एका कायद्याने आणि त्याखालच्या 1960च्या आदेशाने सरकारने वर्तमानपत्राने किती किमतीला किती पाने द्यावीत हे बांधून दिले. मोठ्या पत्रांनी छोट्यांना गिळू नये, असा त्यामागचा घोषित हेतू होता. नानासाहेब परुळेकरांनी 1932 साली सुरू केलेल्या ‘सकाळ’ची किंमत तेव्हा सात नवे पैसे होती आणि आठवड्यातले पाच दिवस त्याची सहा पाने निघत. नव्या आदेशाने एवढ्याच पानांसाठी किंमत वाढवावी लागणार होती, नाहीतर पाने घटवावी लागणार होती. ‘सकाळ’ सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि त्याच्या याचिकेबरोबर ‘सकाळ’च्या दोन वाचकांच्याही याचिका उभ्या राहिल्या. किंमत वाढली तर घेणारे कमी होतील, पाने घटली तर वाचायला कमी मिळेल. दोन्हीकडून तोटा वाचकाचा, एवढे सरळ ते गणित होते. सप्टेंबर 1961मध्ये न्यायालयाने तो कायदा आणि आदेश घटनाबाह्य ठरवला. भारतातल्या पत्रस्वातंत्र्याच्या इतिहासात हा निकाल मैलाचा दगड मानतात. त्या दगडाला ‘सकाळ’च्या दोन वाचकांचाही हात लागला आहे, हे आपल्या सत्कार समारंभांत क्वचितच सांगितले जाते.

आणीबाणीचे स्मरण यापेक्षा जड मनाने करावे लागते. 25 जून 1975च्या रात्री दिल्लीतल्या वृत्तपत्रांच्या रस्त्यावरची वीज गेली, दुसऱ्या दिवसापासून पूर्वतपासणी आली, आणि देशभरातल्या बहुतेक पत्रांनी मान तुकवली. आपण दोष देतो तो त्या संपादकांना आणि मालकांना. पण तेव्हा घराघरांत काय बोलले जात होते, हे त्या पिढीतल्यांनी आपल्याला सांगितले आहे: गाड्या वेळेवर धावतात, कचेरीत बाबू जागेवर सापडतो, संप थांबले, बरे झाले. पानावर कोणती बातमी नाही हे वाचकाला कळत नव्हते, आणि जे कळत नव्हते त्याची उणीवही त्याला भासत नव्हती. तशाही काळात ‘साधना’सारखे साप्ताहिक जप्तीला तोंड देत उभे राहिले. कराडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवतांनी लेखकांच्या आणि मंत्र्यांच्या साक्षीने जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. मिनू मसानींच्या ‘फ्रीडम फर्स्ट’ मासिकाच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाने फेब्रुवारी 1976मध्ये, आणीबाणी चालू असताना, सरकारवरची साधी टीका कापण्याचा अधिकार सेन्सॉरला नाही असा निर्वाळा दिला. मांडवी-जुवारीच्या काठी पोर्तुगिजांच्या अमलात ज्यांचे बालपण गेले, त्या गोव्याच्या ज्येष्ठांना हे सारे ओळखीचे होते. तिथे लग्नपत्रिकासुद्धा सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याशिवाय छापता येत नसे.

आता आपल्या दिवसांकडे वळू. पन्नास वर्षांपूर्वी गावात एखाद्याने शंका काढली तर दुसरा म्हणे, पेपरात आले आहे. तेवढ्याने वाद मिटत असे. आज त्याच गावात, त्याच एसटी स्टँडवरच्या सलूनमध्ये, तेच पान हातात धरून माणूस म्हणतो, पेपरवाल्यांचे काही खरे नाही, सगळे विकले गेलेत. हे वाक्य आता इतके सर्रास झाले आहे की ते उच्चारताना कुणाला पुरावा द्यावासा वाटत नाही. त्याला कारणे नाहीत असे कोण म्हणेल? 2009च्या विधानसभा निवडणुकीत नेत्याच्या स्तुतीचा एकच मजकूर, शब्दाचा फरक न होता, निरनिराळ्या दैनिकांत निरनिराळ्या नावांनी छापून आला. बातमीची जागा पैसे घेऊन विकण्याचा तो धंदा महाराष्ट्राने उघड्या डोळ्यांनी पाहिला. वाहिन्यांवर संध्याकाळी जो आरडाओरडा चालतो त्याला चर्चा म्हणवत नाही. या सगळ्याचा राग येणे हे जिवंतपणाचे लक्षण आहे. पण 2009चा तो प्रकार उजेडात कुणी आणला? पी. साईनाथ या पत्रकाराने, कात्रणे समोरासमोर ठेवून, वर्तमानपत्रातच. सगळेच विकले गेले आहेत असे आपण म्हणतो तेव्हा विकला न गेलेला एकटा पडतो, आणि ज्याने विकले त्याचे काहीच बिघडत नाही. सरसकट अविश्वास भ्रष्ट माणसाला फार सोयीचा असतो.

वृत्तपत्राची आजची खरी अडचण पाहायची तर महानगरातल्या काचेच्या इमारतीत जाऊ नये. तालुक्याच्या गावी जावे. तिथला वार्ताहर सकाळी ग्रामीण रुग्णालयात, दुपारी पंचायत समितीत, संध्याकाळी पोलीस ठाण्यात असतो. बातमी मोबाइलवरच टंकून पाठवतो, फोटो स्वतः काढतो. त्याला मिळते ते मानधन. पगार म्हणावा असे त्यात काही नसते, आणि तेही अनेकदा त्याने आणलेल्या जाहिरातींच्या कमिशनमधूनच निघते. वर्धापनदिनाचा विशेषांक, दिवाळी, नेत्याचा वाढदिवस, स्वातंत्र्यदिन, प्रत्येक वेळी त्याला जाहिरातींचे उद्दिष्ट दिलेले असते. ते पुरे करायला तो कुणाकडे जाणार? साखर कारखान्याच्या अध्यक्षांकडे, पतसंस्थेच्या संचालकांकडे, वाळूचा ठेका असलेल्या ठेकेदाराकडे, शिक्षणसंस्था चालवणाऱ्या दादांकडे. म्हणजे ज्यांच्या कारभारावर त्याने नजर ठेवायची, त्यांच्याच दारात त्याला वर्षातून चार वेळा पावतीपुस्तक घेऊन उभे राहावे लागते. उसाचे बिल का थकले, पतसंस्थेतल्या ठेवी का परत मिळत नाहीत, नदीचे पात्र रातोरात का खचले, या बातम्या त्याला ठाऊक असतात. त्या पानावर येत नाहीत यात त्याच्या भित्रेपणाचा भाग थोडा आणि या व्यवहाराचा भाग मोठा आहे.

या व्यवहाराच्या मुळाशी आपण आहोत. अंकाची किंमत म्हणून आपण जे चार-पाच रुपये देतो त्यातून कागदाचा आणि छपाईचाही खर्च भरून निघत नाही. बाकीचे पैसे जाहिरातदार देतो. जो पैसे देतो त्याचा शब्द राखला जातो, हे किराणा दुकानापासून सगळीकडे खरे आहे, वर्तमानपत्र त्याला अपवाद कसे राहील? करोनाच्या साथीत, 2020च्या मार्च-एप्रिलमध्ये, मुंबई-पुण्यात दाराशी पडणारा अंक थांबला, तेव्हा काही आठवडे कित्येक घरांची सकाळ सुनी झाली. मग मोबाइलवरच्या गटात कुणीतरी सगळ्या वर्तमानपत्रांच्या पीडीएफ पहाटेच टाकू लागले, आणि टाळेबंदी उठल्यावरही आपल्यातल्या अनेकांनी अंक पुन्हा सुरू केला नाही. फुकटात मिळते तर पैसे का द्यायचे, एवढा साधा विचार होता. पहाटे चार वाजता स्टँडवर गठ्ठे सोडून पुरवण्या घालणाऱ्या विक्रेत्याच्या आणि सायकलवरून अंक टाकणाऱ्या मुलाच्या मिळकतीचे काय झाले, हे कुणाच्या मनात आले नाही. आणि निर्भीड बातमीसाठी आपण पैसे मोजायचे थांबवले की ती बातमी दुसऱ्या कुणाच्या तरी पैशावर अवलंबून राहते, हेही आले नाही.

पैशाच्या धाकापलीकडे जिवाचा धाकही आहे. फेब्रुवारी 2023मध्ये राजापुरात शशिकांत वारिसे हे पत्रकार दुचाकीवरून जात असताना एका गाडीखाली चिरडले गेले. कोकणातल्या नियोजित रिफायनरीच्या वादावर ते सातत्याने लिहीत होते. पोलिसांनी खुनाचा गुन्हा नोंदवला. राजापूर आणि देवगड हे शेजारचे तालुके. ज्या मातीतून बाळशास्त्री आले तिच्यापासून हे ठिकाण हाकेच्या अंतरावर म्हणावे इतके जवळ. त्याआधी 2011 साली मुंबईत पवईला जे. डे यांना गोळ्या घातल्या गेल्या होत्या. महाराष्ट्राने 2017 साली पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध वेगळा कायदा केला. देशात असा कायदा करणारे ते पहिले राज्य. त्याखाली हल्लेखोराला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, आणि तपास उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा नसतो. कायदा आहे, पण मार खाल्लेला वार्ताहर ठाण्यात एकटाच गेला तर कायद्याचे ते कलम लागायला वेळ लागतो. त्याच्यासोबत गावातले पन्नास वाचक गेले तर लागत नाही.

दरवर्षी मे महिन्याच्या सुमारास जगातल्या पत्रस्वातंत्र्याचा निर्देशांक जाहीर होतो. 180 देशांत आपला क्रमांक 2023 साली 161वा होता, 2025 साली 151वा. आकडा आला की आपल्यातले काही म्हणतात, हा परक्यांचा कावा आहे. काही म्हणतात, बघा, आम्ही सांगतच होतो. दोन दिवस वाद रंगतो आणि विरतो. आपल्या तालुक्यात गेल्या वर्षी कोणती बातमी दडपली गेली, हा प्रश्न दोन्हीकडचे विचारत नाहीत. आपल्या पक्षाच्या विरोधातले छापले की ते वृत्तपत्र विकले गेलेले, आपल्या बाजूचे छापले की निर्भीड, अशी वाटणी आपण करून घेतली आहे. भाऊ महाजनांच्या वाचकांनी जे सोसले ते आज आपण सोसायला तयार नाही; नावडती बातमी दिसली की बोट पुढे सरकते, आणि मोबाइल आपल्याला पुन्हा आवडते तेच वाढून देतो.

तरीही निराश होण्याचे कारण नाही, कारण हा हक्क नव्याने बजावणारे दर पिढीत निघत आले आहेत. केंद्र सरकारच्या कारभाराविषयीची कोणती माहिती खोटी, हे सरकारनेच नेमलेल्या पथकाने ठरवावे, असा नियम 2023 साली आला. सप्टेंबर 2024मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवला. त्याविरुद्ध न्यायालयात गेलेल्यांत संपादकांची संघटना होती, तसाच रंगमंचावर एकट्याने विनोद सादर करणारा एक कलाकारही होता, आणि खटला ओळखला जातो तो त्याच्याच नावाने. ‘सकाळ’च्या त्या दोन वाचकांची परंपरा अशी साठ वर्षांनी पुन्हा त्याच मार्गाने गेली.

म्हणून आजच्या पत्रकार दिनी आपण, लिहिणारे आणि वाचणारे दोघेही, काही ठरवू या. आम्ही चुकलो तर पहिल्याच संधीला, ठळक दिसेल अशा जागी तसे छापणे, पैसे घेऊन आलेला मजकूर बातमीच्या वेषात न घालणे, ज्यांचा आवाज पानावर येत नाही त्यांच्या वस्तीत जाऊन बसणे, हे आमच्याकडे लागते. निदान एका वृत्तपत्राची, साप्ताहिकाची किंवा गावातल्या नियतकालिकाची वर्गणी स्वतःच्या खिशातून भरणे, बातमी चुकली तर शिवी न देता संपादकाला सही करून पत्र लिहिणे, आणि पटत नसलेल्या पत्राच्या माणसावर हात पडला तर रामशेट उरवण्यांसारखे पुढे होणे, हे तुमच्याकडे. संक्रांतीला अजून आठवडा आहे. तिळगूळ देण्याच्या निमित्ताने तुमच्या गावच्या वार्ताहराकडे जरूर जा, आणि गेल्या वर्षभरात त्याला ठाऊक असूनही लिहिता न आलेली बातमी कोणती, ते त्याला विचारा.